शेवटच्या कडव्यातलं नाव

नवं गाणं हाती लागतं तेव्हा बहुतेकदा ते बेवारस असतं. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेली फाइल, कुणाच्या तरी वरातीच्या रीलमागे वाजणारा तुकडा, वडापच्या जीपमध्ये लागलेलं काहीतरी. फाइलचं नाव ‘हलगी मिक्स कडक बेस न्यू फायनल’ एवढंच. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हलगीवर कोण, मिक्स कुणी केला, कशाचाच पत्ता नाही. स्वतःच्या हिमतीवर संगीत करणाऱ्या पोरापोरींची नवी गाणी, त्यांचे व्हिडिओ, रिमिक्स शोधायचे आणि त्यांच्यावर लिहायचं, हे मी बरीच वर्षं करते आहे. ‘तुला ही गाणी सापडतात तरी कुठे?’ असं लोक विचारतात. गाणी सापडायला काही कष्ट पडत नाहीत. ती आपणहून अंगावर येतात, टाळायची म्हटली तरी टळत नाहीत. शोधावी लागतात ती माणसं. आणि माणूस सापडेपर्यंत गाणं सापडलं असं मी धरत नाही.

गाणं ऐकून ते कुठलं हे सांगणारं शझामसारखं ॲप इथे फारसं कामाला येत नाही. ते गाण्यातल्या ठळक ध्वनिबिंदूंचा, त्यांच्यातल्या वेळेच्या अंतरांसकट, एक नकाशा तयार करतं आणि आपल्याकडे साठवलेल्या नकाशांशी ताडून बघतं. मूळ ध्वनिमुद्रण असेल तर काम चोख होतं. पण वेग वाढवला, पट्टी चढवली, मधे चार ठिकाणी कापलं की नकाशा जुळेनासा होतो, आणि रिमिक्समध्ये नेमकं हेच तर केलेलं असतं. सध्या कुठलंही गाणं गाजलं की त्याची ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ म्हणजे वेग उतरवून घुमवलेली आवृत्ती निघते, रात्री हेडफोन लावून ऐकायची. गाणं असं ओढून सैल करायची रीत 1990च्या दशकात ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूनं कॅसेटींवर कॅसेटी भरून रुजवली आणि 2000 साली, वयाची तिशीही न गाठता तो गेला, हे ती आवृत्ती ऐकणाऱ्या किती जणांच्या कानावर आलं असेल?

मग उरतं ते हातानं करायचं काम. यूट्यूबवर व्हिडिओखालचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. श्रेयनामावली सरकन निघून जाते, तिथे थांबवून थांबवून बघायचं. साउंडक्लाउड या गाणी टाकायच्या साइटवर श्रोते नेमक्या सेकंदाला शेरा चिकटवतात. ‘इथला संबळ कुणाचा?’ असं कुणी विचारलेलं असतं आणि नशीब असेल तर वाजवणाऱ्याच्या घरातल्याच कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. बँडकँप या गाणी विकायच्या साइटवर कलावंत आपल्या गाण्याखाली सगळ्यांची नावं स्वतः लिहू शकतो, आणि डिजिटल विक्रीतला साधारण 15 टक्के वाटा कंपनीनं ठेवून पैसे पोचवण्याचा खर्च गेला की बाकीचं त्याचं. तिथे माझं काम हलकं होतं. अडचण होते ती बँडकँप काय असतं हे ज्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही, त्यांच्या गाण्यांची.

गाण्यातून नाव गळू नये याची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. ‘तुका म्हणे’, ‘एका जनार्दनी’, ‘जनी म्हणे’. नाव गाण्याच्या आतच, शेवटच्या चरणात, छंदात बसवून ठेवलेलं. अभंग कुणाचा हे दळताना गाणाऱ्या बाईलाही कळायचं. नाव काढून टाकायचं तर चरणच मोडावा लागे. शाहिरांनी ही रीत उचलली, लावणीकारांनी उचलली, आणि विसाव्या शतकात भीमगीतं लिहिणाऱ्या कवींनीही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या, मोठेपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादा कर्डकांच्या (1922–2004) कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी सही असते. गायन पार्ट्यांनी ती गाणी गावोगाव नेली आणि गाण्याबरोबर सहीही गेली.

रिमिक्सला मात्र शेवटचं कडवं नको असतं. त्याला हवं असतं धृपद, फार तर पहिलं कडवं आणि लोकांनी एकदम ओरडावं अशी एक ओळ. त्यामुळे कात्री पहिल्यांदा लागते ती सहीला. आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरी सही येते, आवाज घोगरा करून ठोक्यावर बसवलेली, ‘डीजे अमुक, सांगली’. ती ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. गाण्याची मजा घालवली म्हणतात. मला ती नाममुद्राच वाटते. फाइल हजार फोनांतून फिरणार, तिच्यावरचं नाव वाटेत कुणीही बदलणार, हे त्या पोराला पक्कं माहीत असतं. म्हणून तो आपलं नाव आवाजातच ओवून टाकतो. फक्त ते ओवताना आधीचं नाव निसटतं, आणि माझा सगळा खटाटोप त्या निसटलेल्या नावासाठी आहे.

हे मला नीट उमगलं ते तासगावकडच्या एका डीजेच्या खोलीत बसून. जयंतीच्या मिरवणुकीच्या एका व्हिडिओत त्याचा मिक्स वाजत होता. व्हिडिओखाली काही लिहिलेलं नव्हतं, पण स्पीकर लादलेल्या ट्रॉलीच्या फळीवर साउंडवाल्याचा मोबाइल नंबर रंगवलेला होता. साउंडवाल्यानं मंडळाच्या कार्यकर्त्याचं नाव दिलं, कार्यकर्त्यानं या पोराचं. वर पत्रा, भिंतीला अंड्यांचे ट्रे, लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर उघडलेलं. त्यानं मला सगळं उलगडून दाखवलं. पूर्वी जुन्या गाण्यातून गायकाचा आवाज सुटा काढणं फार अवघड होतं. बेस-ट्रेबल फिरवून जमेल तेवढं करायचं आणि उरलेली ढोलकी-पेटी नव्या ठोक्याखाली झाकायची. 2019 मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर नावाचं, गाण्यातला गळा आणि वाद्यं सुटी करणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, तशी आणखीही आली, आणि आता कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यातून गळा वेगळा काढणं हे तालुक्याच्या गावात बसूनही होतं. त्याच्या स्क्रीनवर तो गळा एकटा होता. कॅसेटची सळसळ मागे तशीच, कडा किंचित फाटलेल्या, पण शब्द न् शब्द ऐकू येणारा.

हलगी मात्र खरी होती. त्याच्या चुलत्यानं अंगणात जाळ करून ती शेकून घेतली होती, चामडं ताणून कडक झाल्यावर वाजवली होती आणि यानं ती फोनवरच टिपली होती. ‘स्टुडिओत घेतली असती तर अशी आली नसती,’ तो म्हणाला, आणि ते बरोबर होतं. त्या आवाजात अंगण होतं. त्यानं बेस पार खाली ठेवला, हलगी अगदी वर, आणि मधली सगळी जागा गायकाला मोकळी सोडली. बेस कोसळण्याच्या आधीचा एक ठोका त्यानं साफ रिकामा केला होता. त्या ठोक्यात फक्त हलगीच्या बारीक काडीची कडकड. मी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. एवढ्या गर्दीत एक ठोका रिकामा सोडायला धाडस लागतं.

‘शेवटचं कडवं का टाकलंस?’ मी विचारलं.

‘ताई, मिरवणुकीत शेवटच्या कडव्यापतुर कोण थांबतंय?’

आणि मग स्क्रीनवरची नजर न काढता त्यानं ते गाणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं, शेवटच्या कडव्यासह, सहीसह. त्याचे आजोबा गायन पार्टीत होते. घरात ते गाणं तीन पिढ्या पाठ होतं. कवीचं नाव फाइलीत नव्हतं, त्याच्या तोंडात होतं. मी वही काढली. त्यानं मला नावं सांगितली. कवी, गायक, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, हलगीवर चुलते. स्वतःचं नाव सर्वांत शेवटी घाला म्हणाला. पुढच्या 14 एप्रिलला त्याचा नवा मिक्स आला. त्यात ठोका सुरू व्हायच्या आधी, सुरुवातीलाच, शेवटचं कडवं होतं. माझ्या विचारण्यामुळे की त्याचं त्यालाच ते तिथे बरं वाटलं, मी विचारलं नाही.

(डॉल्बीच्या भिंतींमुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि तान्ह्यांना जो त्रास होतो, तो मला दिसतो. आवाज कमी व्हायलाच हवा. पण आवाज मोठा म्हणून त्या आवाजात काही कलाच नाही, हे म्हणणं मला मान्य नाही.)

ट्रॉलीवरच्या स्पीकरांतून जन्मलेलं संगीत जगात एकट्या आपल्याकडे नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ऑस्बोर्न रडॉक हा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याची स्वतःची साउंड सिस्टिम होती. लोक त्याला किंग टबी म्हणत. 1970च्या दशकात वॉटरहाउस भागातल्या आपल्या घरी त्यानं गाण्यातून गायकाला काढायचं, मधेच एखादा शब्द तरंगत सोडायचा, ड्रम आणि बेस उघडे करायचे, प्रतिध्वनी लांबवायचा असा डब संगीताचा घाट घडवला. आजच्या प्रत्येक रिमिक्सच्या मुळाशी कुठेतरी ते घर आहे. मला त्यातली मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. त्या तबकड्यांच्या वेष्टनावर मिक्सरवर बसलेल्या माणसाचं नाव ठळक छापलं जाऊ लागलं. बटणं फिरवणारा माणूसही कलावंत असतो, हे किंग्स्टननं जगाच्या आधी ओळखलं.

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या निक बॅट आणि नील स्लेटफर्ड यांना आपलं नाव असं उघड छापायची सोय नव्हती. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे 1987 च्या अल्बमातलं गाणं, नुसता गळा, वाद्य एकही नाही. या दोघांनी 1990 मध्ये त्याच्याखाली नाचाचा ठोका घातला, कुणाची परवानगी न घेता तबकडी काढली आणि डीजेंकडे पोचवली. व्हेगाच्या कंपनीनं कोर्टात खेचलं असतं तर नवल नव्हतं. त्याऐवजी तिनं तो रिमिक्स विकत घेतला, डीएनए या त्यांच्या नावासह रीतसर प्रसिद्ध केला, आणि तो ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. हेच मूळ, वाद्याविना असलेलं गाणं जर्मनीत कार्लहाइंत्स ब्रांडेनबुर्ग एमपी3चं तंत्र घडवताना वारंवार लावत होते. एकट्या मानवी आवाजात आकुंचनाचा जरासा दोषही लगेच कानाला टोचतो, म्हणून. तेव्हा आपण फोनवर ढकलतो त्या प्रत्येक एमपी3 फाइलीच्या घडणीत त्या बाईचा गळा आहे. मी नवख्या रिमिक्सवाल्यांना ही गोष्ट आवर्जून सांगते. कुणाच्याही गाण्याला बिनधास्त हात घालावा म्हणून नव्हे. मूळ कलावंत, रिमिक्स करणारा आणि पैसा हे तिघे एका कागदावर येऊ शकतात, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं म्हणून.

आणि आता चरणजीत सिंग. त्यांच्यावर मी आजवर अनेकदा लिहिलं आहे आणि लिहीतच राहीन.

मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारा हा गिटारवादक. 1982 मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. दहा राग, डिस्कोच्या ठोक्यावर. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं, त्या वेळी नवीकोरी: टीआर-808 ठोक्यासाठी, टीबी-303 बेससाठी, ज्युपिटर-8 स्वरांसाठी. एवढाच वाद्यवृंद आणि एकच माणूस. तबकडी चालली नाही. त्याच सुमारास टीबी-303 हे यंत्रही बाजारात पडलं. एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून ते बनवलं होतं, पण खऱ्या बेससारखं ते वाजेना, आणि 1984 मध्ये रोलंडनं ते बंद केलं. पुढे शिकागोतल्या पोरांना ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली, आणि 1987 मध्ये फ्यूचर या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’पासून ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला. 2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात चरणजीतांची तबकडी मिळाली, आणि ऐकतो तो काय, शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत तोच ठोका, तीच यंत्रं.

2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा ‘ॲसिड हाउसचा शोध भारतात लागला’ असे मथळे झळकले. मला त्या पहिलेपणाच्या भांडणात रस नाही. शिकागोनं ही तबकडी ऐकली असण्याचा काही पुरावा नाही, आणि ऐकली नसेल म्हणून तिचं मोल कमी होत नाही. मला त्यात मिळतं ते वेगळंच. पहिलाच राग भैरवी. मैफल ज्या रागानं संपवायची तो इथे दार उघडायला उभा आहे, आणि आपल्या कानाला त्याचा धक्का बसतो, जो ॲमस्टरडॅमच्या कानाला बसणार नाही. आधी ठोक्याविना स्वर वरखाली वाहतात, आलापाची आठवण करून देतात, मग 808 सुरू होतो आणि शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. त्या यंत्रवत ठोक्यावर 303 एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. त्या यंत्रात ही घसरण एका बटणाची सोय होती. चरणजीतांच्या हातात तिची मींड झाली. ललत ऐका, मग तोडी ऐका. यंत्राचा आवाज तोच राहतो आणि मनाची अवस्था मात्र बदलते.

या तबकडीवर नाव होतं, ठळक, पहिल्या दिवसापासून. नुसत्या नावानं काही झालं नाही. कुणीतरी मुंबईत येऊन त्या माणसाला गाठावं लागलं, ‘हे तुम्ही केलंत का?’ असं विचारावं लागलं. म्हणून सत्तरीत चरणजीत सिंग युरोपात मंचावर उभे राहिले आणि त्यांच्या निम्म्याहून कमी वयाची पोरं त्यांच्या भैरवीवर नाचली. 2015 मध्ये ते गेले. कोलकात्याच्या रूपा बिश्वास यांचंही काहीसं तसंच. 1982 च्या त्यांच्या ‘डिस्को जॅझ’ अल्बमावर साक्षात आशिष खाँचा सरोद आहे, ध्वनिमुद्रण कॅनडातल्या कॅलगरीत झालं, आणि इंटरनेटवरच्या श्रोत्यांनी उचलून धरेपर्यंत तो विस्मरणात होता. 2019 मध्ये तो अमेरिकेत नव्यानं निघाला. त्यातलं ‘आज शनिबार’ एकदा तरी रात्री, दिवे घालवून ऐका.

म्हणून आजचं आजच लिहायची मला घाई असते. चाळीस वर्षांनी कुणी परका माणूस दुकानात धूळ झटकेपर्यंत थांबायचं कशाला? 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ आलं. हाउसचा ठोका, मराठी शब्द, आणि ते स्पिनिन या डच लेबलनं काढलं. मराठीतले टकार-डकार त्या ठोक्यावर किती चपखल बसतात, हे तिथे पहिल्यांदा जाणवलं. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं. रील करणाऱ्या लाखो लोकांना त्याचा चेहरा ठाऊक झाला, पण त्यामागचं संगीत करणाऱ्या जी-स्पार्कचं नाव विचारा, बहुतेक जण गप्प बसतात. आरे वाचवण्याच्या लढ्यातून आलेलं स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकताना रॅपरांइतकंच लक्ष द्यायला हवं ते प्रकाश भोईर यांच्या आवाजाकडे. आरेतल्या पाड्यावरचा हा माणूस स्वतःच्या जंगलाबद्दल गातो आहे.

व्हिडिओचंही तेच. हनुमानकाइंड या रॅपरच्या ‘बिग डॉग्ज’चा व्हिडिओ 2024 मध्ये जगभर गाजला. दिग्दर्शक बिजॉय शेट्टी, संगीत कल्मीचं, चित्रण केरळातल्या पोन्नानीत, आणि जागा आपल्या जत्रेतलीच, मौत का कुआँ. लाकडी भिंतीवर आडव्या गाड्या फिरतात आणि खाली मधोमध रॅपर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा माझी नजर रॅपरवर ठरेना. हात सोडून गाडी पळवणारी ती माणसं कोण, कुठल्या जत्रेतून आली, या सीझनला कुठे असतील, हेच डोक्यात घोळत राहिलं.

सध्या मी बेंजोच्या मागे आहे. 1912 मध्ये जपानात नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं ताइशोगोतो हे तंतुवाद्य बनवलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, मुंबईत त्याला वीज जोडली गेली आणि लालबाग-परळच्या मिरवणुकांत ते बेंजो म्हणून गर्जू लागलं. यूट्यूबवर बेंजो पार्ट्यांची ध्वनिमुद्रणं रग्गड आहेत. पार्टीचं नाव असतं, मंडळाचं असतं, ज्या राजाचं आगमन त्याचं तर असतंच असतं. बेंजोवर बोटं कुणाची हे मात्र लिहिलेलं नसतं. एका ध्वनिमुद्रणात एक वादक जुनं कोळीगीत वाजवताना अंतऱ्यावरून धृपदाकडे येतो तो सरळ येतच नाही. मधल्या दोन स्वरांवर थबकतो, ढोल पुढे जाऊ देतो, आणि मग मागून धावत येऊन समेला गाठतो. गणपतीच्या आधी पार्ट्यांचा सराव सुरू झाला की मी तिकडे जाऊन बसणार आहे. त्याचं नाव विचारायचं आहे, आणि असं थांबायला त्याला कुणी शिकवलं, तेही.